कफ बंद करायचं सिरप

लोक माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात, आवाजावरून ओळखतात. मी खोकल्यावरून ओळखते. पारोळ्याच्या बाजारपेठेत एकतीस वर्षं औषधांचं दुकान चालवल्यावर एवढी विद्या तर यायलाच हवी. मी आत मान खाली घालून गोळ्यांच्या पट्ट्या कापत असायची आणि रस्त्यावरून कुणी खोकत गेलं की वर न बघताच सांगायची, "तलाठी नाना गेले." किंवा, "शाळेतल्या बाई आल्या बघा, खडूचा खोकला आहे." माझे यजमान म्हणायचे, "मी जत्रेत हरवलो तर ही माझा फोटो दाखवणार नाही, खोकून दाखवेल." आता दुकान सूनबाई बघते. ती माझ्यापेक्षा हुशार आहे, पण तिचा कान अजून कच्चा आहे.

आमच्याकडे औषधाच्या दुकानाला 'मेडिकल' म्हणतात आणि दुकानदार बाईला 'मेडिकलवाल्या ताई'. दुकान सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी काढलं. मी धुळ्याला औषधशास्त्राची पदविका घेऊन सून म्हणून आले, तेव्हा आबांनी माझं प्रमाणपत्र गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगलं आणि जाहीर केलं, "आता ह्या घरात कुणी अंदाजे औषध द्यायचं नाही." हे वाक्य मी पुढं हजार वेळा दुसऱ्यांना ऐकवलं. स्वतःला ऐकवायची वेळ एकदाच आली, ती गोष्ट सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

पण आधी खोकल्याविषयी. कारण खोकला म्हणजे रोग, असं लोकांना वाटतं, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू होतो.

आपल्या श्वासाच्या नळ्यांना आतून एक ओला, चिकट थर असतो. तो निरोगी माणसालाही असतो, तुम्हालाही आहे, हे वाचून नाक मुरडणाऱ्यांनाही आहे. श्वासाबरोबर आत गेलेली धूळ, धूर, जंतू त्या थराला चिकटतात. त्याच्या खाली डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते. ती सारखी हलत राहते आणि चिकटलेला सगळा कचरा वर घशाकडं ढकलते. तिथं आला की आपण तो नकळत गिळून टाकतो. सर्दी झाली, छातीत जंतू शिरले किंवा वर्षानुवर्षं धूर-धुरळा आत गेला, की हा थर जास्त तयार होतो आणि घट्टही होतो. मग त्या लवेला तो ढकलवत नाही. मग शरीर धक्का मारून तो बाहेर काढतं. तो धक्का म्हणजे खोकला. म्हणजे बेडका पडणारा ओला खोकला हा घरची झाडलोट करणाऱ्या बाईसारखा आहे. तिचा आवाज होतो म्हणून तिला घराबाहेर काढलं तर कचरा तुमच्याच उरावर बसणार.

आता औषधं. काउंटरवर सगळ्या बाटल्या एकाच वर्गातल्या पोरींसारख्या ओळीनं उभ्या असतात, सगळ्या गोड, सगळ्या रंगीत. पण प्रत्येकीचं काम वेगळं. एक जात मेंदूला सांगते की बाबा, खोकू नकोस. कोरड्या, नुसत्या घसा खवखवणाऱ्या खोकल्याला ती चालते. त्याच बाटलीत पुष्कळदा सर्दीची गुंगी आणणारी दवाही असते, ती आतला ओलावा सुकवते. नाक गळत असेल तर बरं वाटतं, पण छातीत घट्ट कफ असेल तर तो आणखी घट्ट होतो. दुसरी जात ह्याच्या बरोब्बर उलट. ती पोटाला जरा चाळवते, त्यामुळं नळ्यांत पातळ पाणी सुटतं, म्हणून तर ती घेतल्यावर काहींना मळमळतं. आणखी एक जात आहे ती त्या चिकट कफाचे धागेच तोडते, म्हणजे तो सैल होऊन सुटतो. माझं माहेर साक्रीकडचं. तिकडं माझी आई अडुळशाची पानं उकळून मध घालून द्यायची, आणि मी शिकून आल्यावर तिला नाक वर करून म्हणायची, "आई, हे जुनं झालं." मग पुस्तकात वाचलं की धागे तोडणारं हे औषध शास्त्रज्ञांनी अडुळशातल्याच एका द्रव्याचा माग काढत बनवलं. आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग एवढ्या फिया कसाले भरल्यात?"

आणि अगदी खरं सांगायचं, तर ह्या बाटल्यांचा गुण लोकांना वाटतो तेवढा नसतो. साध्या सर्दीच्या खोकल्याला भरपूर कोमट पाणी, वाफ आणि थोडा धीर पुष्कळदा पुरतो. लहान लेकरांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ह्यातलं काहीच देऊ नये. औषधवालीनं हे लिहावं का? मी लिहिते. आता दुकान सुनेचं आहे.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा विचारू नका. एका अक्कांना लाल औषधच लागायचं. हिरवं दिलं की आमच्या अहिराणीत म्हणायच्या, "हाई पोऱ्यास्नं शे, माले लाल दे." म्हणजे हे पोरांचं आहे. तलाठी नाना सकाळचा बेडका काड्यापेटीत घालून आणायचे आणि काउंटरवर ठेवून म्हणायचे, "रंग बघा." मी म्हणायची, "नाना, रंगपंचमीला अवकाश आहे, डॉक्टरांकडं जा." पण नाना आले की मला बरंच वाटायचं. निदान माणूस काय बाहेर पडतंय ते बघून तरी बोलत होता. बाकी सगळी दुनिया एका शब्दावर चालायची.

तो शब्द म्हणजे 'कफ'. आपल्या भाषेत कफ म्हणजे छातीतला तो चिकट ऐवज. पण बाटलीवर जे 'कफ सिरप' लिहिलेलं असतं, त्यातला कफ इंग्रजी आहे, आणि इंग्रजीत कफ म्हणजे खोकला. दोन वेगळ्या गोष्टी आणि शब्द एकच. गिऱ्हाईक मागतं कफाचं औषध, बाटली देते खोकल्याचं. म्हणून मी सुरुवातीपासून एक प्रश्न विचारायची: "कोरडा की ओला?" तो विचारल्याशिवाय माझा हात फळीकडं जात नसे. लोक माझी नक्कल करायचे. लग्नाच्या पंगतीत मला भात वाढतानासुद्धा कुणीतरी विचारायचं, "ताई, कोरडा की ओला?"

आमच्या दुकानापासून चार घरं सोडून हबीबचाचांचं गादीचं दुकान होतं. चाचा जातीचे पिंजारी, म्हणजे कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारे. तरुणपणी हातातल्या धनुकलीनं कापूस पिंजला, पुढं मशीन आलं तरी तंतू तेच. दुकानात शिरलं की चाचांच्या भुवयांवर, मिशांवर, टोपीवर पांढरं भुरभुरलेलं दिसायचं. पन्नास वर्षं हे नाकातोंडात गेल्यावर छाती काय राहणार? चाचांचा खोकला ओला, खोल, लांबलचक. सुरू झाला की मी हातातलं काम थांबवून शेवट ऐकायची. शेवटी बेडका पडला की मलाच सुटल्यासारखं वाटायचं. माझ्या लेकीच्या लग्नातल्या सगळ्या गाद्या चाचांनी स्वतः भरल्या होत्या आणि तिला सांगितलं होतं, "बेटा, ह्यावर झोपून नवऱ्याशी भांडायचं नाही, कापूस दबतो."

तर त्या दिवशी बाजार होता. खेड्यापाड्यांतून माणूस लोटलेलं, काउंटरवर तीन रांगा, यजमान तापानं घरी, फोन खांद्यात अडकवलेला. चाचांचा मुलगा अनीस आला. पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, आता दुकान तोच बघायचा. रांगेच्या मागूनच ओरडला, "ताई, अब्बांना कफ बंद करायचं सिरप द्या. लवकर, दुकानावर गिऱ्हाईक उभं आहे."

कफ बंद करायचं. अनीसच्या डोक्यात तो छातीतला कफ होता. तो तयार व्हायचाच बंद व्हावा, असं त्याला म्हणायचं होतं. माझ्या कानानं बाटलीवरचा कफ ऐकला. खोकला बंद करायचं सिरप. हात फळीकडं गेला, कोरड्या खोकल्याची लाल बाटली उचलली, त्याच्या हातात दिली. चाचांचा खोकला मला पाठ होता. अर्ध्या झोपेत उठवून विचारलं असतं तरी मी 'ओला' म्हणाले असते. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. जो प्रश्न पंगतीत थट्टेचा झाला होता, तो त्या दिवशी तोंडातून निघालाच नाही.

तीन दिवसांनी चाची आल्या, रुमालाखाली शिरखुर्म्याचं पातेलं घेऊन. "ताई, तुमनी दवाईना काय गुण शे! यासना खोकला एकदम बंद. आते बठ्ठी गल्ली शांत झोपस." सगळी गल्ली शांत झोपते हे ऐकून मी फुशारले. कुठली बाटली दिली होती हे मला आठवतही नव्हतं. स्तुती ऐकताना माणूस चौकशी करत नाही. मी शिरखुर्मा खाल्ला, पातेलं धुऊन त्यात साखर घालून परत दिलं. चार घरांवरून येणारा तो आवाज तीन दिवस आलेला नाही, हे मला जाणवलंच नव्हतं असंही नाही. जाणवलं होतं. मी त्याचं श्रेय घेतलं.

मग मधे चार-पाच दिवस गेले. एका दुपारी अनीस पुन्हा काउंटरवर. डोळे खोल गेलेले, शर्ट चुरगळलेला. हातातली रिकामी लाल बाटली त्यानं माझ्यासमोर ठेवली. "ताई, हीच अजून एक द्या. मला धुळ्याची गाडी धरायची आहे."

"धुळ्याला काय?"

"अब्बा दवाखान्यात आहेत ना. तीन दिवस झाले. श्वास पुरत नाही. छाती भरली आहे म्हणतात, ताप आहे."

मी बाटली हातात घेतली. लेबल माझ्याचकडं तोंड करून होतं. कोरडा खोकला. "ही डॉक्टरांनी लिहून दिली?"

"नाही," अनीस खालच्या आवाजात म्हणाला. "डॉक्टरांच्या औषधानं अब्बांना खोकला परत सुरू होतो, फार ढास लागते. मग ते उशीखालची ही घेतात. त्यानं शांत वाटतं, झोप लागते."

"डॉक्टरांना माहीत आहे हे?"

"नाही ना. त्यांनी विचारलं, घरी काय औषध घेतलं. अब्बांनी मला आधीच बजावलं होतं, ताईंचं नाव निघता कामा नये. बिनचिठ्ठीचं दिलं म्हणून त्यांच्या दुकानाला त्रास होईल. मग आम्ही सांगितलं, काहीच घेतलं नाही."

आतलं चित्र मला स्वच्छ दिसत होतं. तिकडं डॉक्टर कफ सैल करायला बघत होते, नळ्या उघडायला बघत होते, आणि सैल झालेला कफ बाहेर पडायची वेळ आली की चाचा माझी बाटली तोंडाला लावून त्याला आत कोंडत होते. वर ती गुंगी. डॉक्टरांना वाटत असणार, म्हातारा ग्लानीत चालला. आणि हे सगळं कशासाठी, तर माझं दुकान वाचावं म्हणून.

मी अनीसला म्हटलं, "मी येते." शटर ओढलं आणि एस.टी.त बसले. पारोळा ते धुळे तासाभराचा रस्ता. त्या तासात माझ्या मनात जे जे आलं त्यातलं निम्मं लिहायची मला लाज वाटते. भिंतीवरचं प्रमाणपत्र आलं. आबा आले. "नुसती बाटली काढून घे, डॉक्टरांना सांगायची काय गरज," असंही आलं. हो, तेही आलं. पण डॉक्टरांना ग्लानी कशाची ते कळलं नाही तर ते भलतेच उपचार करतील, एवढं शिक्षण माझ्यात उरलं होतं.

वॉर्डात चाचा उशीला टेकून बसले होते. नाकाला ऑक्सिजनची नळी, ओठ काळपट, डोळे अर्धे मिटलेले. छाती वरखाली होत होती आणि आतून बारीक घुरघुर येत होती. पण खोकला नाही. इतका भयंकर शांतपणा मी कधी ऐकला नव्हता. मी उशीखाली हात घातला. अनीसनं रिकामी करून आणलेल्या बाटलीतलं थोडं चाचांनी एका छोट्या शिशीत काढून ठेवलं होतं. ती घेतली आणि तशीच तरुण डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्या माझ्या लेकीच्या वयाच्या. मी म्हटलं, "मॅडम, मी पारोळ्याची औषधवाली. ह्यांना ओला खोकला असताना मी चुकून हे दिलं. घरी तीन-चार दिवस, आणि इथं आल्यापासूनही लपवून घेत आहेत. तुम्हाला खोटं सांगितलं, ते माझ्यासाठी."

त्यांनी शिशी उजेडात धरली, बाटलीत कोणकोणती औषधं आहेत ते माझ्याकडून वदवून घेतलं, किती घेतलं असेल ते विचारलं आणि लगेच कागदावर लिहायला सुरुवात केली. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, "बरं झालं आलात. मी उद्या ह्यांना श्वासाच्या मशीनवर टाकायच्या विचारात होते."

चाचांना मात्र संताप आला होता. एकेक शब्दाला श्वास घेत ते म्हणाले, "ताई... मी तुमनासाठे... खोटं बोलनू... अन् तुम्हीन... बठ्ठं पानी फिरायं."

"फिरवलं," मी म्हटलं. "आता खोकायचं."

त्या संध्याकाळपासून वाफारे, पातळ करणारी औषधं, आणि पाठ थोपटणं. तिथल्या सिस्टरनी अनीसला शिकवलं: चाचांना पुढं वाकवून बसवायचं, हाताची ओंजळ करायची आणि पाठीवर खालून वर थापत जायचं, म्हणजे नळ्यांना चिकटलेला कफ सुटतो. अनीसनं उभ्या जन्मात गाद्याच ठोकलेल्या. त्यानं चार दणके असे घातले की शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. सिस्टर म्हणाल्या, "अहो, गादी नाही ती, बाप आहे!" आणि चाचा, तशा अवस्थेत, हसले. हसताना ठसका लागला. ठसक्याचा खोकला झाला. तो लांबत गेला, खोल गेला, मधे तुटला, पुन्हा उठला. चाचांचे डोळे पांढरे झाले, चाची "या अल्ला" म्हणत माझा हात आवळून उभ्या. आणि मग सिस्टरनी धरलेल्या भांड्यात तो पडला. हिरवट, घट्ट, मूठभर.

चाचांनी श्वास घेतला. पूर्ण, तळापर्यंत. शेजारचे आजोबा म्हणाले, "निंघना एकदाचा!" मी भिंतीकडं तोंड करून रडले. हुंदके देऊन रडले, लपवायचं काही कारण नव्हतं.

पुढचे दहा-बारा दिवस चाचा खोकत राहिले आणि बरे होत गेले. माझ्यावर काही कारवाई झाली नाही. डॉक्टरीणबाईंनी फक्त एवढंच सांगितलं, "परत कुणाला देताना आठवा." त्या वाक्याला कसल्या दंडाची जोड लागत नाही. पारोळ्याला आल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे जाड पेन घेऊन खोकल्याच्या प्रत्येक बाटलीवर मराठीत लिहायला बसले. एकीवर 'खोकला दाबणारं', दुसरीवर 'बेडका सोडवणारं'. यजमान म्हणाले, "अगं, काय हे गावठी." मी म्हटलं, "गाव आहे तर गावठीच लिहिणार." सूनबाईच्या राज्यातही ते चालू आहे. 'कफ' हा शब्द आमच्या दुकानात कुणी उच्चारला की त्याला थांबवून विचारायचं, छातीतला की बाटलीवरचा.

पण चाचांची माफी मागायची राहिली होती. दवाखान्यात ती घाईत डॉक्टरांपुढं झाली, त्यांच्यापुढं झालीच नव्हती. ते घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी गेले. चाचा अंगणात खाटेवर बसले होते, आता नाकातोंडाला फडकं बांधून बसायची सक्ती चाचींनी केलेली. मी समोरच्या स्टुलावर बसले आणि एका दमात सांगून टाकलं, की चाचा, चूक माझी. मला तुमचा खोकला ठाऊक होता. मी विचारलं नाही. तुम्ही गेला असतात तर ते माझ्या हातानं गेला असतात.

चाचांनी फडकं खाली केलं. मग म्हणाले, "तिसरा दिनलेच माले समजनं व्हतं, ताई. छाती जड व्हई राहिनी व्हती. पन मी म्हणं, ताईनी दिधेल शे, चुकीचं कसं व्हई? मंग अजून एक चमचा जास्ती लिधा."

तेव्हापासून काउंटरवर कुणी "ताई, तुम्ही देताय ना, मग झालं" असं म्हणालं, की मी त्याच्या हातातली बाटली परत घेते आणि लेबल पहिल्यापासून पुन्हा वाचते.